तू जा, मी बघते

मुलांच्या वॉर्डात भिंतीवर एक पाटी होती. तोंडावर बोट ठेवलेल्या बाळाचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत 'शांतता राखा'. आता पाटी लावली म्हणून माणसं गप्प बसतात अशातला भाग नाही, पण लाजेकाजेस्तव निदान आवाज तरी खाली आणतात. या बाबाला तेही जमलं नाही. मुलीचं बोट धरून तो आत आला आणि दारातूनच सिस्टरांना विचारलं, कानाच्या ऑपरेशनची मुलगी आहे, कुठे बसवू? एवढंच विचारलं. पण असं विचारलं की कोपऱ्यातलं तान्हं बाळ दचकून जागं झालं आणि आजूबाजूच्या आयांनी त्याच्याकडे जे बघितलं, त्याने दुसरा कुणी असता तर जमिनीत गेला असता.

याला त्याची सवयच होती. तो रागावलेला नव्हता, घाईत नव्हता, त्याचा आवाजच तसा. मागांच्या कारखान्यातला विणकर तो. लांबच लांब पत्र्याच्या छपराखाली ओळीने यंत्रमाग आणि सगळे एकदम खडाड्‌खट खडाड्‌खट चालू. तिथे शेजारच्याच्या कानाला तोंड लावून बोंब मारली तरी त्याला फक्त ओठ हललेले दिसणार. उमेदीची सगळी वर्षं अशा ठिकाणी काढली की कान बधिर होतात आणि आवाज कायमचा चढा राहतो. हा घरी बायकोला 'मीठ वाढ' म्हणाला तरी वरच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून खिडकीतून डोकावते.

मग कारखान्यात बोलतात कसं, तर हातांनी. मूठ आवळून वर केली की धागा तुटला. पंजा गोल फिरवला की माग चालू, सगळं झकास. ओठावर मिशीसारखं बोट फिरवलं की मुकादम आला. त्या मुकादमाने मिशी कधीच काढून टाकली, पण खूण काही गेली नाही. आणि या सगळ्यांत मोलाची एक खूण होती. कुणाला भूक लागली, डोकं गरगरलं, घरून निरोप आला, की शेजारचा त्याच्याकडे बोट करायचा, बोटं बाहेर झटकायचा, मग दोन बोटं स्वतःच्या डोळ्याखाली टेकवून पंजा छातीवर ठेवायचा. तू जा, मी बघतो. म्हणजे तुझे माग आता माझे. आणि ही खूण मिळाली की जाणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही, असा तिथला रिवाज. वळून बघणं म्हणजे विश्वास नाही म्हणण्यासारखं. ज्याने बघितलं त्याच्याशी दोन दिवस कुणी नीट वागत नसे.

आता मुलीचं. वय वर्षं सहा, पायाला चाकं लावलेली, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. घरात बाप कारखान्यातल्यासारखा ओरडणारा, आई त्याच्या नादाने ओरडायला शिकलेली, आणि जेवताना तोंडात घास असला की दोघं हातांनीच बोलणार. पोर बोलायला शिकायच्या आधी खुणा शिकली. मागून हाक मारली तर ती बघायची नाही, पण खेळात दंग आहे, असं आई म्हणायची. शेजारीण एकदा म्हणाली की हिला कमी ऐकू येतं की काय, तर आईने तिलाच चार शब्द सुनावले. आपला तो बाब्या असतो ना, तशी आपली ती भिंगरी. जगात कुठल्याही घरात ही गोष्ट चार महिन्यांत उघडी पडली असती. याच घरात नाही पडली, कारण या घरात ऐकू न येणाऱ्याचंही काही अडत नव्हतं.

ती उघडी पाडली शाळेतल्या बाईंनी. त्यांनी भिंगरीच्या पाठीमागे उभं राहून हाक मारली, मग टाळी वाजवली, मग पट्टी टेबलावर आपटली. बाकीचा वर्ग दचकला, भिंगरी चित्र रंगवत राहिली. बाईंनी बापाला बोलावून घेतलं. तो म्हणाला, घरी तर तिला सगळं समजतं. बाई म्हणाल्या, तुम्ही घरी बोलता ते मलासुद्धा इथे समजत असणार. तेव्हा त्याला राग आला होता. आता मात्र येता-जाता त्या बाईंना तो मनातल्या मनात हात जोडायचा.

कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कान तपासून सांगितलं की पडद्यामागे चिकट पाणी साचलंय. पडद्याला बारीकशी चीर द्यायची, पाणी ओढून घ्यायचं आणि तांदळाच्या कणीएवढी नळी बसवून द्यायची. पूर्ण भूल द्यावी लागेल, पण काम थोडक्यात आटोपतं, संध्याकाळी घरी. ऐकू कधी येईल, असं बापाने विचारलं. बहुतेकांना लगेचच येतं, डॉक्टर म्हणाले. त्या 'बहुतेकांना' या शब्दाने बापाची झोप उडाली ती उडालीच.

बायकोच्या पदरात दोन महिन्यांचं बाळ, त्यामुळे ती येऊ शकत नव्हती, आणि न येण्याचं सगळं दुःख तिने सूचनांत ओतलं. पोरीला पाणीसुद्धा द्यायचं नाही. डॉक्टरांशी वाद घालायचा नाही. हळू बोलायचं. आणि मुख्य म्हणजे तोंड पाडून बसायचं नाही, पोरीला तुमचं तोंड वाचता येतं. त्याने सगळ्याला मान हलवली. स्वतःचा डबा मात्र गुपचूप ओट्यावरच ठेवून आला. पोर उपाशी राहणार आणि बाप तिच्यासमोर पोळ्या तोडणार, हे काही त्याच्या घशाखाली उतरणार नव्हतं.

वॉर्डात भिंगरीला खाट मिळाली, मागे नाड्यांनी बांधायचा ढगळ झगा मिळाला, आणि पाच मिनिटांत तिने चाक असलेली खुर्ची कुठे ठेवतात ते शोधून काढलं. मोठ्या सिस्टर फेरीला आल्या तेव्हा तिने बापाकडे बघून ओठावरून बोट फिरवलं. मुकादम आला. बापाने हसू दाबलं ते नाकातून बाहेर पडलं आणि मोठ्या सिस्टरांनी पाटीकडे बोट दाखवलं. शेजारच्या खाटेपाशी एक टॅक्सीवाला बसला होता, त्याच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. त्याने बिस्किटाचा पुडा पुढे केला. याने नको म्हटलं आणि कारणही सांगितलं. टॅक्सीवाला म्हणाला, अहो, तुम्ही उपाशी राहून तिच्या कानातलं पाणी सुकणार आहे का? बोलणं बरोबर होतं, तरी याने बिस्कीट घेतलं नाही.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग वॉर्डातले मामा वजनकाटा घेऊन आले. वयस्क, मायाळू माणूस, तोंडाला मास्क. त्यांनी खाली वाकून काहीतरी विचारलं. भिंगरी त्यांच्या त्या निळ्या फडक्याकडे बघत राहिली. मामांनी पुन्हा विचारलं. ती बापाकडे वळली, बापाने ओठ हलवून सांगितलं की काट्यावर उभी राहा, आणि ती टुणकन उभी राहिली. बापाला त्यात काही वाटलं नाही.

नंतर धाकट्या सिस्टर आल्या, त्यांनाही मास्क. सलाईनची सुई दुखू नये म्हणून हातावर मलम लावायचं होतं. त्या म्हणाल्या, हात पुढे कर बाळा. भिंगरीने क्षणभर विचार केला, दवाखान्यात माणसं काय काय करायला सांगतात ते आठवलं असावं, आणि मोठा आ करून जीभ बाहेर काढली.

सिस्टर हसल्या. टॅक्सीवाला हसला. बापही हसला आणि हसता हसता थांबला. ही पोर ऐकत नाहीच, ही वाचते. ओठ वाचते, चेहरा वाचते, हात वाचते. आणि आत त्या खोलीत सगळ्यांची तोंडं झाकलेली असणार. हिच्या अंगावर दिवे पेटणार, अनोळखी माणसं हिला धरणार, नाकावर काहीतरी दाबणार, आणि घाबरू नको म्हणून सांगणारा एकही शब्द हिच्यापर्यंत पोहोचणार नाही. बाप दाराबाहेर. कान बरे होतील न होतील, पण ती भीती हिच्या मनात घर करून बसेल. इतका वेळ त्याला ऑपरेशनची धास्ती होती, आता त्याच्या आधीच्या दोन मिनिटांची वाटायला लागली.

तो उठला आणि सिस्टरांपाशी गेला. मला भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटायचंय, म्हणाला. सिस्टर म्हणाल्या, त्या आत आहेत, वेळ झाली की त्याच येतील. त्याने सांगायचा प्रयत्न केला, पण पोटातली गोष्ट नीट ओठांवर येईना. मुलगी ऐकत नाही म्हणजे ऐकते, पण बघून ऐकते, आणि तुमची तोंडं झाकलेली. सिस्टरांना वाटलं बाप घाबरलाय. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या की काळजी करू नका, आणि कृपा करून हळू बोला.

"हळूच बोलतोय मी!" तो म्हणाला.

ते ऑपरेशनच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं. कॉरिडॉरच्या टोकाचं दार उघडलं आणि एक बुटक्या, मध्यमवयीन बाई डोक्याला हिरवी टोपी आणि हनुवटीवर मास्क अशा बाहेर आल्या. कोण ओरडतंय, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्याच भूल देणाऱ्या डॉक्टर. म्हणजे जो आवाज घरी, शाळेत, वॉर्डात, सगळीकडे नडला, तो निदान एकदा तरी कामाला आला.

आता रागावतील, असं त्याला वाटलं. बाईंनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि पहिल्यापासून सांगा म्हणाल्या. त्याने सांगितलं. माग सांगितले, खुणा सांगितल्या, जिभेची गोष्ट सांगितली. बोलताना त्याचे हात आपोआप चालू होते आणि बाई त्याच्या तोंडाकडे कमी आणि हातांकडे जास्त बघत होत्या. तुम्ही आत येऊ देणार नाही ते मला माहीत आहे, तो शेवटी म्हणाला, पण ती नुसती कापडाकडे बघत झोपी जाऊ नये.

बाई म्हणाल्या की आत मास्क काढता येत नाही, ते तिच्याच भल्यासाठी असतं. मग त्यांनी पुन्हा त्याच्या हातांकडे बघितलं. आणि म्हणाल्या, "हात झाकलेले नसतात ना. मला शिकवा. एकच खूण शिकवा, पण तिच्या कामाची शिकवा."

एकच खूण म्हटल्यावर त्याला विचार करावा लागला नाही.

बाई भिंगरीच्या खाटेपाशी गेल्या. मुद्दाम मास्क वर चढवला, म्हणजे पोरीला त्या कशा दिसणार ते आधीच कळावं. आणि अगदी गंभीरपणे खूण केली. पण घाईत उलटी केली. स्वतःकडे बोट, बोटं बाहेर झटकली, मग पोरीच्या डोळ्याकडे दोन बोटं आणि पंजा पोरीच्या छातीवर. मी जाते, तू बघ.

भिंगरी आधी चक्रावली. मग तिला इतकं हसू आलं की ती उशीवर आडवी झाली. डॉक्टरीणच पळून चालली आणि ऑपरेशन मला करायला सांगते, असं तिने बापाला हातांनी सांगितलं आणि बापाने बाईंना. बाईही हसल्या, मास्कवरच्या डोळ्यांत दिसलं. भिंगरी उठून बसली, बाईंची बोटं आपल्या हातात घेऊन एकेक वळवली, नीट शिकवली, पुन्हा करून घेतली, आणि पटल्यावर पंजा गोल फिरवला. माग चालू. धाकट्या सिस्टर बघत होत्या, त्यांनीही शिकून घेतलं. मामा म्हणाले, मग आम्ही काय पाप केलंय? त्यांनाही शिकवलं.

मामा तिला चाकाच्या खुर्चीवरून घेऊन निघाले, कारण ती खुर्ची तिने सकाळीच पसंत करून ठेवली होती. धाकट्या सिस्टरही आत जायला निघाल्या आणि बाप बरोबर चालत दारापर्यंत गेला. तिथे जमिनीवर लाल पट्टा होता, त्याच्यापुढे त्याला जायला मनाई होती. भिंगरीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तोंड पाडायचं नाही, बायकोने बजावलं होतं. त्याने न पाडता तसंच धरून ठेवलं. गालांना रग लागली.

आणि मग दारात उभ्या त्या बाईंनी खूण केली. पोरीला नव्हे, त्याला. त्याच्याकडे बोट, बोटं बाहेर, डोळ्याखाली दोन बोटं, पंजा छातीवर. या वेळी अगदी बरोबर.

आयुष्यात ही खूण त्याला किती वेळा मिळाली असेल, त्याने मोजलं नव्हतं. दरवेळी तो बिनघोर चहाला गेला होता. आज त्याला तिथून हलायचं नव्हतं. पण रिवाज म्हणजे रिवाज. ज्या बाईने त्याच्या पोरीसाठी त्याची भाषा शिकून घेतली, तिच्यावर विश्वास नाही असं तो कुठल्या तोंडाने दाखवणार होता? तो वळला आणि चालायला लागला. मागे दार बंद झालं असेल, त्याला ऐकू आलं नाही. त्याने वळून बघितलं नाही.

खाटेपाशी येऊन तो बसला. टॅक्सीवाल्याचं पोरगं आधीच परत आलं होतं आणि झोपलं होतं. टॅक्सीवाल्याने त्याच्या शेजारी खुर्ची सरकवली आणि पुडा पुन्हा पुढे केला नाही, याबद्दल बापाला त्या माणसाचं फार बरं वाटलं. वेळ किती गेला कुणास ठाऊक. माग बंद पडल्यावर कारखान्यात जशी पोकळी वाटते तसं त्याला वाटत होतं. ऐकू आलं तर देव पावला, नाही आलं तर खुणा आहेतच, असं तो स्वतःला समजावत होता. पण ते खरं नव्हतं. खुणा घरात पुरल्या. शाळेत नाही पुरल्या, रस्त्यावर पुरणार नाहीत, पुढे तर नाहीच. तिला ऐकू यायला हवं होतं, यापलीकडे त्याला काही नको होतं.

कानाचे डॉक्टर मधल्या मधे येऊन सांगून गेले की दोन्ही नळ्या छान बसल्या, पाणी बरंच निघालं, आता आणतील. त्याने आभार मानले तर ते दोन पावलं मागे सरकले. आवाज.

भिंगरी आली ती चिडलेली, डोळे अर्धे मिटलेले, केस विस्कटलेले. भुलीतून उठताना मुलं चिडतातच, सिस्टर म्हणाल्या. बाप तिच्यावर वाकला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "भिंगरे, बाबा आलाय बघ."

भिंगरीने तोंड वाकडं केलं आणि दोन्ही हात कानांवर ठेवले.

सिस्टर घाबरून पुढे आल्या, दुखतंय का बाळा, म्हणून. पण बापाने ते तोंड ओळखलं होतं. शेजारणी त्याच्याकडे असंच तोंड करून बघायच्या, शाळेतल्या बाई बघायच्या, सकाळपासून सगळा वॉर्ड बघत होता. ज्यांना ऐकू येतं ती माणसं त्याच्याकडे असंच बघत. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याच्या आवाजाने कानांवर हात ठेवले आणि त्याला रडू फुटलं. तो तोंडात मूठ धरून रडला, आवाज होऊ नये म्हणून. टॅक्सीवाल्याने दुसरीकडे बघितलं, कारण त्याचेही डोळे भरले होते.

थोड्या वेळाने भूल उतरली आणि भिंगरी बसती झाली. दूध प्यायली. मग एकदम थबकली. मान वाकडी करून नळाकडे बघितलं, तो ठिबकत होता. घड्याळाकडे बघितलं. मामा चपला घासत गेले तर त्यांच्या पायांकडे बघितलं. एकेक गोष्ट जणू तिला आज नव्याने भेटत होती, आणि ती प्रत्येकीकडे एवढा वेळ बघायची की बापालाही तिथे बघावंसं वाटायचं. त्याला मात्र नळही ऐकू येत नव्हता आणि घड्याळही नाही.

मग ती त्याच्या पोटाकडे बघायला लागली. काहीतरी म्हणाली. त्याला कळलं नाही. आजवर पोर त्याच्यासारखीच ओरडून बोलायची, पण आता तिचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटत असावा, म्हणून ती पुटपुटत होती. तो पुढे वाकला. ती पुन्हा म्हणाली. ओठ दुधाने माखलेले, तेही नीट वाचता आले नाहीत. काय गंमत बघा. सकाळपर्यंत पोरीला ऐकू येत नव्हतं म्हणून बाप हवालदिल होता, आणि आता पोर बोलतेय ते बापाला ऐकू येईना. दुसऱ्या कुणाला याचं वाईट वाटलं असतं. याला वाटलं, फिटलं सगळं. माझे कान गेले ते गेले, हिचे आले.

भिंगरीने सुस्कारा सोडला आणि हातांनी सांगितलं. त्याच्या पोटाकडे बोट केलं आणि पंजा गोल गोल फिरवला. तुझ्या पोटात माग चालू आहे.

त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं हे तो विसरूनच गेला होता. पोट केव्हापासून गुरगुरत होतं ते खाटेजवळच्या सगळ्यांना कळलं होतं, एक त्याला सोडून.

तेवढ्यात भूल देणाऱ्या बाई तिला बघायला आल्या. आतली हकिकत त्यांच्याकडून कळली. पोर दिवे बघून क्षणभर बिचकली, तशी आतल्या सगळ्यांनी एकदम खूण केली, बाईंनी, सिस्टरांनी, मामांनी. कानाचे डॉक्टर म्हणाले, हे काय चाललंय? भिंगरीने त्यांनाही शिकवायला घेतलं आणि शिकवता शिकवताच झोपी गेली. त्यांची अर्धीच राहिली, बाई म्हणाल्या.

बापाला त्यांचे आभार मानायचे होते. पण कारखान्यात आभाराची खूणच नाही. तिथे लागत नाही, आज मी तुझे माग बघितले, उद्या तू माझे बघशील, फिटंफाट. इथे तो बाईंचे कुठले माग बघणार होता? शिवाय पोरीला त्रास नको म्हणून त्याने आवाज खाली आणला, आणखी खाली आणला, इतका की बाईंनी काय म्हणालात, असं दोनदा विचारलं. अख्ख्या वॉर्डाने तेव्हा माना वळवल्या. हा माणूस हळू बोलतो यावर कुणाचा विश्वास बसेना.

"तुमचे उपकार झाले," तो म्हणाला. "ती एकटी नव्हती."

बाई म्हणाल्या की उपकार कसले, आता तुम्ही काहीतरी खाऊन घ्या, नाहीतर तुम्हालाच खाटेवर घ्यावं लागेल. कँटीन जिन्याखाली आहे.

तो म्हणाला, पोरीला एकटी टाकून कसा जाऊ? भिंगरीने ते ऐकलं. हो, ऐकलं, कारण तो बाईंकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून बोलत होता. तिने मागून त्याची बाही ओढली. तो वळला तेव्हा ती ताठ बसली होती. तिने त्याच्याकडे बोट केलं, बोटं बाहेर झटकली, दोन बोटं डोळ्याखाली टेकवली आणि इवलासा पंजा छातीवर ठेवला.

खूण मिळाली म्हणजे जायलाच हवं. तो निघाला. खाटांच्या मधून, पाटीखालून, दारापर्यंत आला. उभ्या आयुष्यात त्याने तो रिवाज मोडला नव्हता, सकाळी त्या लाल पट्ट्यापाशीसुद्धा नाही. इथे मात्र त्याला राहवलं नाही. त्याने वळून बघितलं.

भिंगरी त्याच्याकडे बघत नव्हती. ती पलीकडे तोंड करून टॅक्सीवाल्याच्या मुलाला मिशीची खूण शिकवत होती. तिच्या मागे काही अंतरावर धाकट्या सिस्टर औषधाची ट्रॉली लावत उभ्या होत्या, तोंडावर मास्क, नजर ट्रॉलीवर. त्यांनी काही म्हटलं की नाही ते त्याला ऐकू आलं नाही, आणि मास्क होता, तेव्हा ओठही दिसले नाहीत.

पण भिंगरीने सिस्टरांकडे मान वळवली आणि तिचे ओठ त्याला दारातूनही वाचता आले, "काय?"

मग तो जेवायला गेला.